खोटं बोलता न येणाऱ्यांचा दरबार : 'द फोक ऑफ द एअर' वाचणाऱ्यांसाठी धागा

नदीकाठची | १२ जुलै, रात्री १०.४०

किशोरांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांवर इथे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून धागा काढतेय. होली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची 'द फोक ऑफ द एअर' ही मालिका. तीन पुस्तकं : 'द क्रुएल प्रिन्स' (२०१८), 'द विकेड किंग' आणि 'द क्वीन ऑफ नथिंग' (दोन्ही २०१९). माझी दोन झाली, तिसरं उशाशी आहे. त्यातलं कृपया कुणी काही फोडू नका.

माझी भाची यंदा दहावीला आहे. मे महिन्यात ती पुण्याला माझ्याकडे राहायला आली आणि पहिलं पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, "मावशी, तू पेशवाईचं एवढं वाचतेस ना, मग हे वाच. सगळे एकमेकांच्या मुळावर उठलेत." मी मराठी माध्यमातली. इंग्रजीत कामाची पत्रं लिहिते, पण साडेतीनशे पानांची कादंबरी सलग वाचायची कधी वेळ आली नव्हती. तिसऱ्या दिवशी रात्री दोन वाजता तीच उठून म्हणाली, मावशी आता दिवा बंद कर.

गोष्ट अशी. ज्यूड सात वर्षांची असताना एका दुपारी मॅडॉक नावाचा सेनापती तिच्या घरात येतो आणि मुलींच्या डोळ्यांदेखत त्यांच्या आईबापांना तलवारीने मारतो. मुली तीन. थोरली व्हिवी त्याचीच, त्याच्या पळून गेलेल्या बायकोपासून झालेली. ज्यूड आणि टॅरिन या जुळ्या त्या बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याच्या. मॅडॉक तिघींनाही एल्फहेम या जादूच्या राज्यात घेऊन जातो आणि स्वतःच्या मुली म्हणून वाढवतो, कारण बायकोच्या मुली म्हणजे आपली जबाबदारी, असा त्याचा धर्म. त्यांना तो पंक्तीला घेऊन बसतो, ज्यूडला तलवार शिकवतो, डावपेच शिकवतो. आणि ती त्याला बाप मानते. आईबापांना मारणारा हात आणि डोक्यावरून फिरणारा हात एकच. ही गाठ पहिल्या काही पानांतच बसते आणि पुढे काही केल्या सुटत नाही. या मालिकेला प्रेमकथा म्हणतात, पण माझ्या मते ती आधी बाप-लेकीची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी गुंतले : एल्फहेमच्या लोकांना खोटं बोलता येत नाही. बोलायचंच नाही असं नव्हे, जीभच वळत नाही. वाचताना आधी वाटलं, मग इथे कारस्थान कसलं होणार? पण खोटं बोलता येत नसल्यामुळेच ते खऱ्या शब्दांनी फसवण्यात तरबेज झालेत. अर्धं सांगतात, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतात, 'मी तसं कधी म्हणालो?' म्हणून मोकळे होतात. आपल्याला हे नवीन नाही, 'नरो वा कुंजरो वा' ऐकतच आपण वाढलो. युधिष्ठिर आयुष्यात एकदा तसं बोलला आणि जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. इथे सगळा दरबार रोज सकाळ-संध्याकाळ तेच बोलतो आणि रथ कुणाचाच टेकत नाही.

ज्यूड माणूस. जादू नाही, दीर्घ आयुष्य नाही, कुळ नाही. तिच्याकडे एकच हत्यार आहे : तिला खोटं बोलता येतं. गादीचा वारस राजपुत्र डेन तिला हेर म्हणून ठेवून घेतो तो त्यासाठीच.

यातला एक भाग मनातून जात नाही. ज्यूड रोज थोडं थोडं विष खाऊ लागते. विषारी अळंबी, विषारी फळं, अगदी कणभर, अंगाला सवय व्हावी म्हणून. तापते, ओकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेते. घरात कुणाला पत्ता लागू देत नाही. इतरांची जादू ही त्यांच्या जन्माची. हिने स्वतःच्या शरीराला दिलेली ही तालीम मला त्यांच्या सगळ्या जादूपेक्षा भारी वाटली. चाणक्य चंद्रगुप्ताला जेवणातून विष देत असे ही कथा लहानपणी ऐकली होती, पण चंद्रगुप्ताला ते ठाऊकच नव्हतं. ही स्वतः मोजून घेते.

आता माझी तक्रार. आमची प्रत फुटपाथवरची निघाली आणि ऐन राज्याभिषेकाच्या प्रसंगातला एक अख्खा फर्मा गायब. सोळा पानं! पाऊस पडत होता, आम्ही दोघी स्वारगेटहून बसने घरी येत होतो, आणि भाचीने ती सोळा पानं मला तोंडी सांगितली. तिने मैत्रिणीची प्रत आधीच वाचली होती. कोण कुठे उभं होतं, मुकुट कुणाच्या हातात, कुणाची नजर कुणावर, सगळं. पुढच्या सीटवरच्या आजी वळून ऐकत होत्या. आमचा स्टॉप आला तेव्हा त्यांनी विचारलं, "मग मुकुट घातला कुणी?" भाचीने खाली उतरता उतरता सांगून टाकलं.

इथे कुणी वाचली आहे का? आणि घरातल्या मुलांचं वाचन तुम्हीही वाचता का?

पर्वतीपायथा | १२ जुलै, रात्री ११.१५

वाचली नाही, पण आता वाचणार. विषाचा भाग वाचून अंगावर काटा आला. लिहीत राहा.

अर्धविराम | १३ जुलै, सकाळी ८.०५

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. पोटापाण्यासाठी भाषांतर करतो. ही मालिका मराठीत आणायची झाली तर काय करावं लागेल, याचा मी बरेच दिवस विचार करतोय.

पहिलीच अडचण त्या लोकांच्या नावाची. 'परी' म्हटलं की संपलं. आपल्या डोळ्यांसमोर पंखवाली, चांदणीची काठी घेतलेली मुलगी येते. यातले लोक देखणे आहेत तसेच भयंकर आहेत. कुणाला शिंगं, कुणाला खूर, राजपुत्र कार्डनला तर शेपूट आहे. मॅडॉक ज्या जातीचा आहे ती मंडळी मारलेल्या शत्रूच्या रक्तात आपली टोपी भिजवतात. याला परी कसं म्हणणार? मला यक्ष जवळचा वाटतो. यक्ष देखणा असतो, धनाचा राखणदार असतो, आणि तळ्याकाठी उत्तर न देता पाणी प्यायलात तर जीव घेतो. शिवाय तो शब्दाला बांधलेला असतो. युधिष्ठिराने उत्तरं दिल्यावर यक्षाला भाऊ परत करावेच लागले.

समोरच्याला नसलेलं दिसायला लावण्याच्या त्यांच्या विद्येला आपल्याकडे आयता शब्द आहे : नजरबंदी. जादूगाराच्या खेळात हाच शब्द ऐकत आलोय. डेन ज्यूडवर जे बंधन घालतो, ज्याने इतर कुणाची नजरबंदी तिच्यावर चालत नाही पण डेनची मात्र चालते, त्याला 'आण घालणे'. आणि हेरांसाठी मराठ्यांच्या कारभारातले दोन अस्सल शब्द : जासूद आणि नजरबाज. नजरबंदी करणाऱ्यांच्या राज्यातली नजरबाज! हे जुळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरलो.

अजून अडलंय ते संवादांपाशी. त्यांची प्रत्येक बोलणी दोनदा वाचावी लागते : एकदा कानाला काय वाटलं ते, आणि एकदा शब्दशः काय म्हटलं ते. मराठीत कर्ता गाळता येतो, 'म्हणे', 'असेल', 'बरं का' अशी पळवाट काढता येते. त्यामुळे हे काम मराठीत उलट जास्त चांगलं उतरेल असं मला खात्रीने वाटतं.

घाटाखालचा | १३ जुलै, सकाळी ९.३०

अर्धविराम, यक्ष बरोबर आहे, पण दरबाराबाहेरच्या जंगलातल्या मंडळींसाठी आपली गावाकडची माणसं घ्या की. पाण्यातल्यांना आसरा. पिंपळावरच्याला मुंजा. आणि चकवा!

पुस्तकात वाट चुकवणाऱ्या जादूवर उपाय म्हणून कपडे, मोजे उलटे घालतात. आमची आजी सांगायची, चकवा लागला की जागच्या जागी बसायचं, उजाडेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. उपाय वेगळा, पण भीती तीच : पायाखालची ओळखीची वाट अचानक परकी होते.

दुसरं म्हणजे मीठ. तिथे जेवणात मीठ टाकलं की जादू उतरते, म्हणून ज्यूड मीठ जवळ बाळगते. कार्डनचा मित्र व्हॅलेरियन तिच्या तोंडात एक भुलवणारं फळ कोंबतो तेव्हा ती मिठासाठी धडपडते, तो प्रसंग वाचताना मला आजीची मूठ आठवली. मीठ-मोहऱ्या, सुक्या मिरच्या, तीनदा ओवाळून चुलीत. मोहरी तडतडली की म्हणायची, बघ, केवढी दृष्ट लागलेली. आता गॅसवर ते होत नाही, पण पोरगी आजारी पडली की बायको अजूनही मूठभर मीठ ओवाळून पाण्यात सोडते.

फळा आणि खडू | १३ जुलै, दुपारी ४.५०

मी आठवी ते दहावीला शिकवते. मुली ही पुस्तकं दप्तरातून आणतात, म्हणून मीही वाचली. लेखन चांगलं आहे हे मान्य. पण कार्डनबद्दल मला बोलायचंय.

हा मुलगा आणि त्याचे मित्र पहिल्या पुस्तकात ज्यूडला छळतात. जेवणात माती लोटतात, नदीत उतरवतात, सगळ्यांसमोर गुडघे टेकायला लावू पाहतात. आणि वाचणाऱ्या मुली म्हणतात, किती गोड! तो मोठ्या भावाकडून मार खातो, घरात त्याला कुणी विचारत नाही, हे नंतर कळतं. दुःख समजतं. पण वर्गात मी रोज पाहते, त्रास देणाऱ्या मुलाला 'तुला आवडते म्हणून करतो' असं सांगून सोडून देतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात हे आणखी घट्ट बसू नये असं मला फार वाटतं. याची काळजी कुणालाच वाटत नाही का?

नदीकाठची | १३ जुलै, रात्री ९.२०

बाई, वाटते. हाच प्रश्न मी भाचीला विचारला होता. तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

ती म्हणाली, "मावशी, ज्यूड त्याला माफ करून त्याच्या प्रेमात नाही पडत. ती आधी त्याच्या गळ्याला सुरी लावते, त्याला बांधून घेते, त्याच्यावर हुकूम चालवते. तिला तो आवडतो याचाच तिला राग येतो. आणि मला टॅरिनचा जास्त राग येतो." टॅरिन म्हणजे जुळी बहीण. लॉक नावाचा मुलगा एकीकडे ज्यूडशी गोडीगुलाबी करत असतो आणि दुसरीकडे टॅरिनशी त्याचं लग्न ठरलेलं असतं. टॅरिनला हे माहीत असतं आणि ती गप्प राहते. भाचीच्या मते छळणारा निदान समोरून येतो, बहिणीचं गप्प राहणं समोरून येत नाही.

तिच्या वर्गात काही घडलंय का, हे मी विचारलं नाही. पण त्या रात्री आम्ही बराच वेळ पुस्तक सोडून मैत्रिणींबद्दल बोलत बसलो. तुमचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच ही पुस्तकं मुलींना एकट्याने वाचायला सोडू नयेत असं वाटतं. बंदी घालावी असं मात्र नाही वाटत.

फळा आणि खडू | १३ जुलै, रात्री १०.१०

टॅरिनचं मी या बाजूने पाहिलंच नव्हतं. वर्गात विचारून बघते.

जुनी मोडी | १४ जुलै, सकाळी ७.१५

(पहिल्या पुस्तकाचा शेवट येतो आहे. वाचायचं असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.)

नदीकाठची, आपल्या भाचीने पेशवाईचं नाव उगाच काढलेलं नाही. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस कळतं की ज्यूडच्या घरात धाकटा भाऊ म्हणून वाढलेला ओक हा डेनचा मुलगा, म्हणजे गादीचा खरा वारस. राजघराणं कापून काढलं गेलंय. मॅडॉकचा बेत असा, की पोराला गादीवर बसवायचं आणि त्याच्या नावाने आपण कारभार करायचा.

पुण्याच्या वाचकाला इथे थबकावंच लागतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि त्याच्या नावाने नाना फडणविसांनी कारभार हाकला. तान्ह्या वारसाला राघोबादादांपासून वाचवणं हे जितकं त्याच्या जिवासाठी होतं, तितकंच राज्य कुणाच्या हाती राहणार यासाठी होतं. ज्यूडही तेच करते. ओकला मॅडॉकच्या हाती लागू द्यायचं नाही म्हणून ती कार्डनकडून वर्ष आणि एक दिवस आपली आज्ञा पाळण्याचं वचन घेते आणि ओककरवी मुकुट त्याच्या डोक्यावर चढवते. सिंहासनावर एक आणि सिंहासनामागे दुसरी. नानांना हे दृश्य अनोळखी वाटलं नसतं.

'ध चा मा' ही आख्यायिका आहे, तिला पुरावा नाही, हे नोंदवून पुढे सांगतो : ती टिकली, कारण एका अक्षरात खून लपवता येतो ही कल्पनाच माणसाला हादरवते. 'धरावे'चं 'मारावे'. एल्फहेमची सगळी राजनीती याच तत्त्वावर चालते.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. त्या महालांत झाडलोट करणारी, ताटं वाढणारी माणसं भुलवून आणलेली आहेत. नजरबंदीमुळे त्यांना आपण कुठे आहोत, किती वर्षं गेली, आपले हात किती सोलवटलेत, काही कळत नाही. पेशवाईवर आपण प्रेमाने बोलतो तेव्हा वाड्यांतल्या कुणबिणी आणि बटकी आपल्या बोलण्यात येत नाहीत. त्या विकत घेतल्या जात, विकल्या जात. होली ब्लॅकने चकचकीत दरबाराच्या मागे ही माणसं उभी केली आणि ज्यूडला त्यांच्याकडे पाहायला लावलं, यासाठी मी या पुस्तकाला मानतो.

पर्वतीपायथा | १४ जुलै, सकाळी ८.००

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

नदीकाठची | २१ जुलै, रात्री १०.०५

जुनी मोडी यांचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला आणि काल आम्ही शनिवारवाड्यात गेलो. शाळेच्या सहलीत ती एकदा येऊन गेली होती. या वेळी दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांवर हात ठेवून उभी राहिली. हत्तीने धडक मारू नये म्हणून बसवलेले ते अणकुचीदार खिळे तिच्या खांद्याच्याही वर होते. आत वाडा असा उरलेलाच नाही. १८२८ च्या आगीत सगळं लाकूडकाम गेलं, आता जोती आहेत आणि हिरवळ. ती जोत्यांवरून चालत खोल्या मोजत होती : इथे दालन असेल, इथून जिना, इथून कुणी ऐकत उभं राहिलं तर दिसणार नाही. हजारी कारंजाच्या कठड्याशी थांबून म्हणाली, "एवढंसंच आहे की गं. एकाच्या खोलीतलं दुसऱ्याला ऐकू गेलं असणार. मग गुपित ठेवायचे कसे?"

मी तिला नारायण दरवाजा दाखवला. नारायणरावांचा देह त्यातून बाहेर नेला असं सांगतात. पौर्णिमेला 'काका मला वाचवा' ऐकू येतं वगैरे तिला ठाऊक होतं. तिने विचारलं ते वेगळंच : "तो सतरा-अठरा वर्षांचा होता ना? म्हणजे ज्यूडएवढाच." मी कधी असं वय लावून पाहिलं नव्हतं. नारायणराव माझ्या डोक्यात कायम चित्रातले पगडीवाले पेशवे होते.

परतताना नदीपात्रालगत गाजरगवत माजलेलं दिसलं. व्हिवी तणाच्या रोपट्यांचे घोडे करते आणि बहिणींना त्यावर बसवून समुद्रापार माणसांच्या जगात खरेदीला नेते. भाची म्हणाली, इथे तर अख्खी पागा उभी राहील.

चौथी घंटा | २२ जुलै, दुपारी १२.३०

मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला द्यावी का? आणि ही मुलींची पुस्तकं आहेत असं तो म्हणतो, त्याला काय सांगू?

अर्धविराम | २२ जुलै, दुपारी १.१०

खून, विष, छळ आहे, एका भुलवून आणलेल्या मुलीचा प्रसंग तर फार जड आहे. चौदा-पंधराच्या पुढे ठीक, आणि घरात कुणीतरी सोबत वाचत असावं. मुलाला फक्त मॅडॉक तलवार शिकवतो ती पानं वाचून दाखवा. बाकीचं तो स्वतः मागेल. आणि पुस्तक घेताना उघडून फर्मे तपासा!

नदीकाठची | १७ ऑगस्ट, रात्री ११.५०

(तिसरं पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

संपवलं. भाची परत गेलीय, त्यामुळे रोज रात्री फोनवर एकेक प्रकरण. शेवटचं प्रकरण आम्ही दोघींनी एकाच वेळी, फोन चालू ठेवून, न बोलता वाचलं.

शेवटी मॅडॉक हरतो आणि निवाडा ज्यूडच्या हाती येतो. मला रामशास्त्री आठवणारच. नारायणरावांच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशी आपली परंपरा सांगते. ते अमलात आलं नाही. दादा इंग्रजांकडे गेले आणि १७८३ मध्ये कोपरगावला वारले. रामशास्त्र्यांचं मोठेपण हे, की समोर कोण आहे ते त्यांनी पाहिलं नाही. ज्यूडला समोर कोण आहे ते पाहिल्याशिवाय निवाडाच करता येत नाही. तिच्या आईबापांचा खुनी, आणि तिला तलवार धरायला शिकवणारा बाप. ती त्याला मारत नाही. माणसांच्या जगात हद्दपार करते, आणि पुन्हा शस्त्राला हात लावायचा नाही अशी अट घालते.

मी म्हटलं, ही शिक्षा कमी झाली. खून तो खूनच. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, तो ज्या जगात येऊन तिच्या आईबापांना मारून गेला, तिथेच त्याला राहायचंय. रोज. मला वाटतं, सुरुवातीला त्याला हात कुठे ठेवायचे तेच कळत नसेल."